मजला थांबला पाहिजे

आमच्या साडूंइतका माणसाला गोंधळात टाकणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याने साडूंच्याच हाताखाली उमेदवारी केलेली असणार. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा पत्ता लिहिताना आमचा हात काही दिवस अडखळत होता, पण तो गोंधळ यथावकाश निवळला. साडूंनी घातलेला गोंधळ निवळत नाही. तो तळाला जाऊन बसतो आणि कोणी जरा ढवळलं की पुन्हा वर येतो. हे मी लिहितोय ते माझ्या स्वतःच्या घरात, वरच्या मजल्यावर बसून. पण माझ्या पायाखाली जे काही आहे ते चांगलं की वाईट, असं कोणी विचारलं तर मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. बांधकाम चालू असताना मी रोज तिथे हजर होतो, तरीसुद्धा.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहात्याला शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहेत. उंच, किंचित वाकलेले, आणि शर्टाच्या खिशात कायम एक तांबडा आणि एक नारिंगी असे दोन खडू. कुणाच्याही घरी गेलं की आपण आधी माणसांकडे बघतो, मग भिंतीवरच्या फोटोंकडे, फार तर टीव्हीकडे. साडू उंबरा ओलांडला की वर बघतात. घरातली बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहते, घरधनी ‘या, बसा’ म्हणून हात जोडतो, आणि हे आपले मान मागे टाकून छताकडे पाहत असतात. मग खाली न बघताच शांतपणे विचारतात, “वर कोण झोपतं?” ओळखीच्या घरात हे खपून जातं. पण एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला म्हणून त्यांना वडीलधारे म्हणून पुढे केलं होतं. पोह्यांच्या बशा हातात आल्या, मुलगी समोर येऊन बसली, आणि तिला शिक्षण वगैरे विचारायचं सोडून साडूंनी तिला विचारलं की ती कुठे झोपते. मुलीचा बाप पार गांगरला. मुलीने मात्र बोट वर करून वरची खोली दाखवली. साडू लगेच उठले, जिन्याने वर गेले, फरशीवर पालथे पडून कान लावला, खाली येऊन गर्डरांना बोटाने टकटक केलं आणि मुलीच्या आईला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. लग्न जमलं. पण ते जमायच्या आधीच मुलीचं अंथरूण खालच्या खोलीत आलं होतं. आपली सून आपण हलवायच्या आधी साडूंनी हलवली, असं पुतण्याची आई अजून म्हणते.

नवीन घराचा नकाशा तर त्यांना दाखवूच नये. नकाशा हातात आला की ते चष्मा सरळ करतात, खिशातून तांबडा खडू काढतात आणि म्हणतात, “समजा, इथे लागली.” आग ते पाहुण्यासारखी घरात आणतात. ती कुठून येणार, आधी कुठे टेकणार, मग कुठल्या दारातून पुढे जाणार, सगळं त्यांना ठाऊक असतं. तांबडा स्वयंपाकघरात, मग नारिंगी बैठकीत, आणि शेवटी दोन्ही खडू मिळून वरच्या खोलीच्या बुडाशी. चित्र इतकं सुरेख काढतात की ज्याचं घर तो क्षणभर कौतुकाने बघत राहतो आणि मग नकाशा परत मागतो. राहात्यातल्या निम्म्या घरांच्या नकाशांना अशी आग लागलेली आहे. आगीपेक्षा त्यांना मजल्याची काळजी जास्त. त्यांचं म्हणणं असं की आग लागते ती लागते, तिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. लोक मात्र नंतर विचारत बसतात की ती लागली कशी. खरं विचारायचं ते हे की वरचा माणूस खाली येईपर्यंत पायाखालचा मजला उभा होता का. “मजला थांबला पाहिजे,” हे त्यांचं वाक्य आमच्या सबंध नात्यागोत्यात पाठ आहे. लहान पोरंसुद्धा गच्चीवर उड्या मारताना ते म्हणतात.

हे वेड त्यांच्या डोक्यात शिरलं कुठून, याचाही मला उलगडा झालेला नाही. मेहुणी सांगते की लहानपणी त्यांच्या गावाकडे कडब्याची गंज पेटली होती, तेव्हापासून. माझी बायको म्हणते की छे, शाळेत मुलांना ‘आग’ हा विषय देऊन चित्रं काढायला लावली आणि एकाही पोराने घरातली माणसं काढली नाहीत, सगळ्यांनी नुसत्या ज्वाळा काढल्या, ते मास्तरांना लागलं. शाळेतले एक जुने सहकारी भेटले, त्यांनी तिसरंच काही सांगितलं, आणि ते सांगताना स्वतःच मध्ये थांबून म्हणाले की नाही, तो माणूस दुसरा. शेवटी मी थेट साडूंनाच विचारलं. ते म्हणाले, “असंच.”

आमचं कोल्हारला नगर-मनमाड रस्त्यावर खतांचं दुकान आहे आणि दुकानामागे दोन खोल्या. त्या दोन खोल्यांत माझा जन्म गेला, आणि आईचं म्हणाल तर तिचं सगळं आयुष्यच जमिनीलगत गेलं. जमिनीवर बसून स्वयंपाक, जमिनीवर बसून निवडणं-टिपणं, जमिनीवरच झोप. समोर रस्त्याची धूळ आणि मागे भिंत. त्यामुळे नदीच्या बाजूला नवीन घर बांधायचं ठरलं तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. तिला वरची खोली हवी होती, खिडकी नदीकडे. प्रवरेवर ती वर्षानुवर्षं धुणं घेऊन गेली होती, पण नदी तिने काठावरूनच पाहिलेली. तिला ती उंचावरून, हात कोरडे ठेवून, खुर्चीवर बसून बघायची होती. गुडघे कुरकुरतात, जिना कसा चढशील, असं मी म्हटलं, तर म्हणाली, “येकदा चढले की चढले. खालीवर करायला मी काय माकड हाय?” सगळ्यांना ते पटलं. मीही आनंदाने हो म्हटलं. घाई करायला हवी होती, कारण तिचे गुडघे दर महिन्याला थोडे थोडे हटून बसत होते. आणि अशा वेळी मी साडूंना सल्ला विचारला.

खालच्या भिंती दारांच्या वरपर्यंत आल्या होत्या. आता वर काय घालायचं, एवढाच प्रश्न होता. ठेकेदार म्हणत होता स्लॅब, कारण तो स्लॅबच टाकतो. पुण्याला इंजिनियर असलेला माझा भाचा फोनवर म्हणत होता लोखंडी गर्डर आणि वर बोर्ड, चार दिवसांत काम संपेल. गावातला सुतार म्हणत होता सागवान, घर थंड राहील. मला वाटलं साडू तिघांतला एक निवडतील आणि आपण मोकळे होऊ. ते आले, अर्धवट भिंतींमध्ये उभे राहून उघड्या आभाळाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “लाकूड जळतं म्हणून त्याला घाबरू नका. लोखंड जळत नाही म्हणून त्याला घाबरा.”

हे वाक्य मी ठेकेदाराला सांगितलं तेव्हा त्याने हातातली थापी खाली ठेवली. मग साडूंनी समजावलं. जाड सागवानी तुळई पेटली तरी आधी वरून कोळसा होते आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला राखतो. ती कुरकुरते, तडतडते, माणसाला सावध करते आणि बराच वेळ तग धरते. लोखंड मात्र पेटत नाही, बोलत नाही, तापत जातं आणि एकदम मऊ पडून खाली बसतं. मला ते इतकं पटलं की मी त्याच दिवशी सुताराला गाठलं. पुढच्या आठवड्यात साडू पुन्हा आले आणि सुताराने दाखवलेली वाशांची जाडी बघून म्हणाले की ही तर काडेपेटीतली काडी, असलं लाकूड पापडासारखं जातं. मग लोखंड का, असं विचारलं तर म्हणाले ते तर बोललोच. मग उरला स्लॅब. मी सुटकेचा श्वास टाकला. त्यावर त्यांनी मला अगदी शाळेतल्या पोराला विचारावं तसं विचारलं की स्लॅबच्या पोटात काय असतं. मी म्हटलं सळई. “म्हणजे लोखंडच ना,” ते म्हणाले. मी म्हटलं पण ते सिमेंटमध्ये असतं. हो, ते म्हणाले, पण अंगावरची गोधडी किती जाड, ते बघावं लागेल. आणि गोधडीचा विचार करत ते एसटीने निघून गेले. त्यांचं एकेक वाक्य घेतलं तर खोटं काही नव्हतं. सगळी एकत्र केली की घराला छप्परच राहत नव्हतं. आई दुकानामागच्या खोलीतून रोज विचारायची, झाली का रे माझी खोली, आणि मी म्हणायचो, विचार चाललाय.

शेवटी साडूंनीच निकाल लावायचं ठरवलं. त्यांनी आमच्या रिकाम्या जागेत तीन चुली मांडल्या. एकीवर सागवानाचा जाड तुकडा आडवा ठेवला, दुसरीवर लोखंडी अँगल, तिसरीवर गवंड्याकडून मुद्दाम ओतून घेतलेला स्लॅबचा छोटा तुकडा. प्रत्येकावर वजन हवं म्हणून दोन ठिकाणी दगड ठेवले आणि तिसरा सारख्या वजनाचा सापडेना म्हणून आईचा पाटा घेतला. खाली बाभळीचं जळण. बातमी फुटली आणि गल्लीतली माणसं खुर्च्या घेऊन आली. साडू पाठीमागे हात बांधून तिन्ही चुलींसमोर येरझाऱ्या घालत होते, परीक्षेच्या हॉलमध्ये घालाव्यात तशा. सगळ्यात आधी लाकूड पेटलं आणि लोकांनी हळहळून मान हलवली. मग लोखंडी अँगल काही न बोलता हळूच वाकला आणि त्याच्यावरचा दगड निखाऱ्यात जाऊन बसला. साडूंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. आता स्लॅब जिंकणार अशी सगळ्यांची खात्री झाली, आणि तेवढ्यात तो तुकडा मोठ्याने फुटला. गल्लीला वाटलं सिलिंडर गेला. खुर्च्या उलटल्या, एक म्हैस दावं तोडून रस्त्याला लागली, आणि आईच्या पाट्याचे दोन तुकडे झाले. लाकूड तेवढं धडधडत पेटलेलं होतं आणि अंगावरचा दगड अजून सांभाळून उभं होतं.

स्लॅबचा तुकडा ओला होता, पुरता वाळला नव्हता, आतल्या पाण्याची वाफ झाली म्हणून तो फुटला, असं साडूंनी नंतर सांगितलं. पण ते ऐकायला जागेवर फारसं कोणी उरलं नव्हतं. ठेकेदार होता. तो म्हणाला, “मास्तर, जळतंय त्ये टिकलं, जळत न्हाई त्ये वाकलं, आन् ज्येला काय बी हुत न्हाई त्ये फुटलं. आता आमी घालायचं काय?” साडूंनी विझत्या चुलींकडे पाहिलं. मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदा तेही थोडे गोंधळले होते. आई फुटका पाटा घेऊन आत गेली आणि त्या संध्याकाळी चटणी झाली नाही.

ठरला तो स्लॅबच, पण साडूंच्या अटींवर. सळईखाली सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवतात, म्हणजे सळई वर राहते आणि तिच्याखाली सिमेंटचा थर भरतो. हीच ती गोधडी. बाजारातले ठोकळे साडूंना पसंत पडेनात. त्यांनी ते घरी ओतले आणि साचा म्हणून मेहुणीचं इडलीपात्र वापरलं. एके सकाळी ते पोतंभर सिमेंटच्या इडल्या घेऊन एसटीतून उतरले. मेहुणी त्यानंतर बरेच दिवस आमच्याकडे आली नाही. इडल्या घालून बघितल्या तर सळई इतकी वर आली की ठेकेदार म्हणाला हा स्लॅब आगीची वाट बघणार नाही, साधं कपाट ठेवलं तरी वाकेल. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला सळई इतकी उचलायची तर स्लॅब जाड करावा लागेल. जाड केला तर जड होईल. जड झाला तर मध्ये आधाराला गर्डर लागेल. गर्डर आणला. तो भिंतींवर चढवून झाला तेव्हा साडूंच्या लक्षात आलं की गर्डर लोखंडाचा आहे. त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला त्या गर्डरचीच दया आली. उपाय मात्र त्यांच्याकडे तयार होता. त्यांनी त्याला कोंबड्यांची जाळी गुंडाळायला लावली आणि तिच्यावर चांगलं जाड प्लॅस्टर चढवायला सांगितलं. हात मोडल्यावर घालतात तसं ते दिसायचं. येणारे-जाणारे विचारायचे, गर्डरला काय झालं?

स्लॅबच्या दिवशी आमच्याकडे मिक्सरला नारळ फोडतात, एकदा काम सुरू झालं की मध्ये थांबवत नाहीत, आणि सगळं उरकल्यावर गड्यांची पंगत बसते. शेवटचं घमेलं घरातल्या मोठ्या बाईच्या हातचं पडावं अशी रीत आहे. साडू सकाळपासून सळयांच्या जाळीवर होते. कोणाचा पाय सळईवर पडून इडली सरकली की ते तिथे पोहोचायचे. ठेकेदाराने दोनदा सांगून पाहिलं की मास्तर, तुमी जेवून घ्या, तंवर आमी स्लॅब टाकतो, पण ते हलले नाहीत. दुपार कलली, एकच कोपरा राहिला, आणि प्रश्न आला आईचा. शिडीने वर येणं तिला शक्य नव्हतं. त्या घमेल्यावाचून पुढे कसं जायचं यावर गड्यांमध्ये खल सुरू झाला. साडूंनी तो ऐकला, घमेलं भरून घेतलं, शिडीने खाली आणलं, आईसमोर ठेवलं. तिने हळदकुंकू वाहिलं आणि मुठीने थोडा माल उचलून पुन्हा त्यातच सोडला. मग तेच घमेलं स्वतःच्या डोक्यावर घेऊन हा निवृत्त माणूस एका हाताने शिडी धरत वर गेला. मला त्या क्षणी त्यांचे सगळे खडू, इडल्या आणि चुली माफ करून टाकाव्याशा वाटल्या. आईने पदराने हात पुसला आणि म्हणाली, लई जीव लावतो हा मानूस.

वास्तुशांतीला बैठकीत होम झाला, बरोबर प्लॅस्टर घातलेल्या गर्डरखाली. सगळे अग्नीकडे बघत होते आणि साडू छताकडे. दोन्ही बाजूंना पाण्याच्या बादल्या होत्या, आणि गुरुजींनी तुपाची पळी उचलली की हे हलकेच पुटपुटायचे, बेताने. गुरुजींनी पुष्कळ सहन केलं. होम संपल्यावर छतावर काजळीचा एक गोल डाग पडलेला दिसला, तर साडूंनी स्टुलावर चढून त्याच्याभोवती तांबड्या खडूने रेघ ओढली. वर ताप कुठवर पोहोचला ते कळतं, म्हणाले. रंगाऱ्याने नंतर त्यावरून ब्रश फिरवायला नकार दिला, त्याला वाटलं गुरुजींनी काढलंय.

आई त्याच दिवशी पहिल्यांदा वर गेली. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि पायऱ्या बुटक्या, हेही साडूंचंच. एका बाजूला मी, एका बाजूला बायको, आणि मध्ये ती, दर पायरीला थांबत, कोणाशी तरी भांडल्यासारखी पुटपुटत. खिडकीशी खुर्ची ठेवली होती. ती बसली, पदर सारखा केला आणि बाहेर बघितलं. नदी वळत जाते तिथपर्यंत दिसत होती, पलीकडचा ऊस, त्याच्यामागची झाडं. तिने खिडकीच्या चौकटीवर कोपर टेकवलं. मग म्हणाली, पल्याडचं बी दिसतंय की. तिला तसं बघून माझे डोळे भरून आले, आणि लपवायला मी कठड्याकडे वळलो.

आणि नेमकं तेव्हा साडूंनी खालून आरोळी दिली की आग लागली. ही तालीम होती. आईला, मला, घरातल्या सगळ्यांना त्यांनी आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं, की मी ओरडलो की मावशींना, म्हणजे आईला, खाली आणायचं, मला बघायचंय वेळ किती लागतो. पंगतीत बसलेल्या लोकांना मात्र हे कोणी सांगितलं नव्हतं. ते पुरणपोळीसकट रस्त्यावर पळाले. वर आई खुर्चीतून हलली नाही. मी तिच्या दंडाला धरलं, तर तिने हात झटकला. वरून कोणी उतरत नाही म्हटल्यावर साडू धापा टाकत वर आले.

“मावशी, आग लागलीय.”

“लागू दे. मी आत्ता कुठं वर आलेय.”

“अहो, पण मजला तेवढा थांबायचा नाही.”

आईने नदीवरची नजर काढली नाही. “किती थांबल?”

साडूंनी पायाखाली बघितलं. त्या मजल्यातली सळई न् सळई त्यांना माहीत होती. “ते नक्की सांगता येत नाही,” ते म्हणाले.

“मंग बसा,” आई म्हणाली.

आणि ते बसले. खुर्ची एकच होती, म्हणून जमिनीवर, भिंतीला टेकून. खाली लोक एकमेकांना काय झालं विचारत होते आणि इथे दोघं शेजारी बसून नदी बघत होते. संध्याकाळी निघताना त्यांनी मला दारात थांबवलं. चेहरा असा की गणित सोडवलं, पडताळा आला, आणि तरीही उत्तर चुकलेलं. मजल्याचं जेवढं करायचं तेवढं केलं, ते म्हणाले, पण ज्याला उतरायचंच नाही त्याच्यासाठी मजला किती आणि कसा थांबवायचा, हे त्यांना कळत नव्हतं. मग माझा हात धरून म्हणाले, “तुम्ही दोघं वर झोपत जा. मजल्याचं काही सांगता येत नाही. तुम्ही थांबा.” आमचं अंथरूण खालच्या खोलीत घातलेलं होतं. ते उचलून आम्ही वर आणलं, आणि तिथेच राहिलो.

त्यानंतर साडू यायचे ते सरळ वर. छताकडे बघणं कमी झालं. आईशी गप्पा मारायचे, म्हणजे ती गावातल्या गोष्टी सांगायची आणि ते ऐकायचे. खिशातले खडू त्यांनी हळूहळू माझ्या नातवंडांना दिले. मला याचा आनंद व्हायला हवा होता, पण का कोण जाणे, झाला नाही. एकदा मी मुद्दाम त्यांना शेजारच्या नव्या बांधकामाकडे नेलं, वर नुसते उघडे गर्डर होते, वाटलं आता काहीतरी बोलतील. ते बघत राहिले आणि म्हणाले, छान आहे. मी हिरमुसलो. आईने मात्र बोलल्याप्रमाणे केलं. ती वर गेली ती गेलीच. भाचीच्या लग्नाला आली नाही, दिवाळीला दुकानाच्या पूजेला आली नाही, जेवण वर, दवा वर, डॉक्टरही वर. हाक मारली तर म्हणायची, पाय न्हाई म्हनत्यात.

मध्ये साडू बरेच महिने आले नाहीत. बाथरूममध्ये पाय घसरला होता, खुब्याचं ऑपरेशन झालं. गेल्या महिन्यात मेहुणीने गाडी करून त्यांना आणलं. हातात काठी, पाऊल ओढत टाकायचे, आणि इतके बारीक झालेले की मी आधी ओळखलंच नाही. बैठकीत आले, वर बघितलं नाही. जिन्याकडे गेले, पहिल्या पायरीवर काठी ठेवली, पाय उचलून बघितला, आणि तो उचलला जाईना. मी म्हटलं उचलून नेतो, तर नको म्हणाले. मग तिथेच खालच्या पायरीवर बसले आणि वर तोंड करून साध्या आवाजात म्हणाले, “मावशी, मी आलोय.”

वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बायको धावत वर जायला निघाली, पण मी तिला थांबवलं, कारण आई जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली होती. दोन्ही हातांनी कठडा धरून ती एक पायरी उतरली. थांबली. दुसरी उतरली. एवढ्या काळात कुणाच्याही हाकेला न उतरलेली माझी आई एकेक पाय चाचपत खाली येत होती, आणि साडू वळून, मान उंच करून तिच्याकडे बघत होते. मजल्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

“सावकाश, मावशी,” ते म्हणाले. “काही पेटलेलं नाही.”